बबलटॉप, कँडी कलर आणि क्रोम: जुन्या शो कारचं मॉडेल किट कोल्हापुरात बसून कसं बनवायचं

शो कारचं किट म्हणजे साध्या गाडीचं किट नव्हे, हे आधी डोक्यात घ्या. साधी सेडान बनवताना गाडी ओळखू आली की निम्मं काम झालं, रंग थोडा फिका आला किंवा एखादी रेघ राहिली तरी चालून जातं. शो कार ही मुळात रोज पळवायला बनवलेलीच नव्हती. हॉलमध्ये लाइट मारून ठेवायची आणि बघणाऱ्यानं तोंडात बोट घालायचं, एवढंच तिचं काम. आपल्याकडं नटवलेल्या रिक्षांच्या स्पर्धा होतात ना, पेट्रोलच्या टाकीपासून आरशापर्यंत सगळं चकाचक, तोच नाद अमेरिकेत १९५० आणि ६० च्या दशकात गाड्यांवर चालायचा. म्हणून या किटमध्ये जोडकाम कमी आणि रंगकाम जास्त. मी तर म्हणतो निम्म्याहून जास्त वेळ बॉडी, काचेचा बबल (म्हणजे गाडीवरचं पारदर्शक घुमटासारखं छप्पर) आणि क्रोम या तिघांनाच द्या, बाकीचं आपोआप होतंय.

कुठलं किट घ्यायचं हा पहिला प्रश्न. या जगात गाड्या घडवणाऱ्यांची चार-पाच नावं सारखी कानावर पडतील. एड 'बिग डॅडी' रॉथ हा सगळ्यात येडा माणूस, फायबरग्लासची बॉडी हातानं घडवायचा, त्याची आउटलॉ १९५९ ची, मग बीटनिक बँडिट, मग दोन फोर्ड इंजिनं शेजारी शेजारी बसवलेली मिस्टेरियन. रेव्हेल कंपनीनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या गाड्यांची १/२५ स्केलची (खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या भागाएवढी) किटं काढली आणि ती अजून मधूनमधून परत निघतात. जॉर्ज बॅरिसची अला कार्ट हा १९२९ च्या फोर्ड पिकअपवरनं बनवलेला ट्रक, १९५८ आणि १९५९ अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकेतल्या सर्वात सुंदर रोडस्टरचं बक्षीस घेऊन गेलेला, त्याचं किट एएमटी कंपनीचं. डॅरिल स्टारबर्डची प्रेडिक्टा मोनोग्राम कंपनीची, ती १/२४. डिट्रॉइटच्या अलेक्झांडर बंधूंची डिओरा परत एएमटी. ही डॉज ए१०० व्हॅनसारख्या पिकअपवरनं केलेली, हिला बाजूला दार नाही, पुढची काचच वर उचलून आत शिरायचं आणि ती काच म्हणजे चक्क फोर्ड स्टेशन वॅगनची मागची काच. १९६७ चा रिडलर पुरस्कार, म्हणजे डिट्रॉइटच्या शोमधला मोठा मान, हिलाच.

पहिल्यांदाच हात घालणार असाल तर मिस्टेरियनच्या नादाला लागू नका. दोन इंजिनं, उघडी चेसिस, पाइपांचं जाळं, डोकं फिरतंय. त्यापेक्षा टॉम डॅनियलनं डिझाइन केलेली मोनोग्रामची रेड बॅरन घ्या, जर्मन हेल्मेटचं छप्पर असलेली. पार्ट कमी, बॉडी सुटसुटीत. हिची गंमत म्हणजे आधी किट आलं आणि ते एवढं गाजलं की नंतर त्यावरनं खरी गाडी बनवली, एरवी उलटं असतं. दुसरं किट म्हणून बीटनिक बँडिट, कारण बबल आणि कँडी (धातूच्या रंगावर मारायचा पारदर्शक रंग, पुढं सांगतो) दोन्ही शिकायला मिळतंय.

किट बहुतेक ऑनलाइनच मागवावं लागतं. बाहेरच्या देशातनं मागवत असाल तर कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरून हिशोब करा, नाहीतर किटपेक्षा भाडं जास्त असा प्रकार होतो. जुनं, उघडलेलं किट स्वस्तात मिळत असेल तर विकणाऱ्याकडनं तीन फोटो मागा: काचेच्या पार्टचा, डिकल शीटचा (पाण्यात भिजवून बॉडीवर बसवायची चित्रं) आणि टायर कशाला टेकून ठेवलेत त्याचा. काचेला चरे असतील तर निघतात, तडा असेल तर निघत नाही. डिकल पिवळं पडलं असेल तर काचेच्या खिडकीला आतनं उन्हात चिकटवून ठेवलं की बऱ्यापैकी पांढरं होतं. टायरचं मात्र सांभाळा, त्यातलं तेल प्लास्टिकमध्ये उतरतं आणि वर्षानुवर्षं टेकून राहिलेल्या जागी बॉडी किंवा काच वितळल्यासारखी खड्डा पडून बसते. असं किट फुकट मिळालं तरच घ्या.

आता कोल्हापुरात राहून हा नाद करणाऱ्यानं कॅलेंडर बघायलाच पाहिजे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथं हवेत एवढी ओल असते की लॅकर (थिनर उडून सुकणारा रंग) मारला की वर पांढरट धुरकट थर येतो. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगात अडकतं. साध्या मॅट रंगात ते खपून जातं, कँडीत आणि क्लिअर कोटमध्ये (सगळ्यात वरचा पारदर्शक थर) सगळी वाट लागते. म्हणून माझा सरळ नियम आहे, पावसाळ्यात घासकाम, जोडकाम, पुट्टी, इंजिन, सीटा आणि दिवाळीनंतर रंग. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी दहा-अकराच्या पुढं हवा कोरडी असते, तेव्हा मारा. एप्रिल-मेमध्ये उलटं होतं, रंग गनमधनं निघून बॉडीवर पोचेपर्यंतच सुकतो आणि हात फिरवला की खरखरीत लागतं, तेव्हा सकाळी लवकर मारायचा आणि हळू उडणारं थिनर वापरायचं.

हत्यारांच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. परदेशी ब्रँडच्या हॉबी टूलचे पैसे बघून घाबरू नका, गुजरीच्या आसपास सोनारांची हत्यारं विकणाऱ्या दुकानात जावा. बारीक कानशींचा सेट, टोकदार चिमटे, हातानं फिरवायचं छोटं ड्रिल, भिंग, आणि सगळ्यात कामाची म्हणजे सोनाराची आरी, केसासारखं पातं असलेली. हे सगळं तिथं मिळतं आणि हॉबीवाल्यांच्या मालापेक्षा टिकाऊ असतं. वॉटर पेपर ४०० पासून २००० नंबरपर्यंत, रबिंग कंपाउंड आणि मास्किंग टेप गाड्यांच्या रंगाच्या दुकानात. मास्किंग टेप मात्र रुंद, स्वस्तातली घेतली तर काठाखालनं रंग आत घुसतो, जिथं दोन रंगांची रेघ यायची आहे तिथं चांगली बारीक टेपच पाहिजे. बाहेरनं मागवायलाच लागतं ते म्हणजे पातळ प्लास्टिक सिमेंट. तामिया या जपानी मॉडेल कंपनीची हिरव्या टोपणाची बाटली येते ती एकदा वापरली की फेव्हिक्विकला हात लावणार नाही तुम्ही. दोन पार्ट कोरडे धरायचे, फटीला ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं, सिमेंट आपसूक आत पळतं आणि प्लास्टिक वितळवून एकजीव करतं.

किट हातात आलं की लगेच पार्ट तोडत बसू नका. फ्रेमसकट कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणानं धुवा, साच्यातनं सुटावं म्हणून लावलेलं तेल पार्टवर असतं, ते राहिलं की रंग पकडत नाही. मग कात्रीनं किंवा निपरनं पार्ट काढताना कडेला घासून कापायचं नाही, थोडं लांब कापायचं आणि उरलेला दांडा कटरनं हळू काढून कानशीनं सपाट करायचा. ही साठ सालातली साच्याची किटं आहेत, पार्ट आजच्या जपानी किटसारखे टकाटक बसत नाहीत. म्हणून रंगाच्या आधी अख्खी गाडी कोरडी जोडून बघा, मास्किंग टेपचे तुकडे लावून. बॉडी चेसिसवर बसते का, बबल बॉडीच्या काठावर सगळीकडनं टेकतो का, चाकं चारी जमिनीला लागतात का. बबल बसत नसेल तर आत्ता कानस मारा, कँडी मारल्यावर कळलं तर रडायची पाळी. बॉडीवर साच्याची उभी रेघ असते ती ४०० नं घासून काढा, खड्डा असेल तिथं पुट्टी. गाड्यांची एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी चालते पण एकदम पातळ थर, जाड भरली तर थिनर आतलं प्लास्टिक मऊ करतं आणि महिन्याभरानं तिथं खोलगट दिसायला लागतं. दरवाज्याच्या रेघा सुईनं किंवा कटरच्या पाठीनं थोड्या खोल करून घ्या, कारण प्रायमर, बेस, कँडी, क्लिअर असे एवढे थर बसले की त्या बुजून जातात.

आता खरा विषय, कँडी. कँडी म्हणजे साधा रंग नव्हे, रंगीत काच. खाली सोनेरी किंवा चंदेरी बेस आणि त्यावर पारदर्शक लाल, निळा, हिरवा. उजेड वरच्या रंगातनं खाली जातो, धातूच्या रंगावर आपटतो आणि परत वर येतो, म्हणून ती आतनं पेटल्यासारखी चमक. हाच प्रकार अमेरिकेतल्या 'जो बेलन' या गाड्या नटवणाऱ्याच्या 'कँडी ॲपल रेड' रंगानं गाजवला. सोनेरीवर लाल मारलं तर गरम, सफरचंदासारखं येतं, चंदेरीवर मारलं तर थंड आणि पहिल्या दोन थरांत गुलाबीसर. काय पाहिजे ते आधी ठरवा.

ठरवायचं कसं तर प्लास्टिकच्या चमच्यांवर. लग्नात आइस्क्रीमला मिळतात तसले पांढरे चमचे घ्या, सगळ्यांना प्रायमर आणि बेस मारा, मग एकाला तीन थर, एकाला चार, पाच, सहा असं करत जावा आणि मागं मार्करनं आकडा लिहा. सुकल्यावर उन्हात धरून बघा आणि आवडला तो आकडा बॉडीसाठी पक्का. हे चमचे टाकू नका, पुढच्या गाडीला परत लागतात.

गाड्यांच्या दुकानातला प्रायमर किंवा एनसी थिनरमधला रंग उघड्या प्लास्टिकवर थेट ओला मारू नका, किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, ते त्यात विरघळतं आणि अख्ख्या बॉडीवर बारीक जाळी पडते. मॉडेलसाठीचा प्रायमर असेल तर उत्तम, नसेल तर गाडीचा प्रायमर लांबनं, धुळीसारखा कोरडा दोन-तीन वेळा मारून मग पुढं जायचं आणि तेही आधी चमच्यावर. दुसरी गोष्ट, किटचं प्लास्टिकच लाल असेल आणि वर पांढरा किंवा पिवळा मारायचा असेल तर आतला लाल वर झिरपतो, कितीही थर दिले तरी गुलाबी छटा येतच राहते. तिथं मध्ये चंदेरीचा एक थर दिला की तो अडवतो.

एअरब्रश असेल तर ०.३ ची सुई, १५ ते २० पीएसआय, आणि तामियाचे क्लिअर रंग, लाल एक्स-२७, निळा एक्स-२३, हिरवा एक्स-२५, साधारण निम्मं थिनर घालून. अंतर आठ-दहा सेंटीमीटर. गन बॉडीच्या बाहेर चालू करायची, एका दमात पलीकडं न्यायची, बाहेर बंद करायची, मध्ये थांबलात की तिथं गडद डाग आणि तो डाग परत निघत नाही, कारण कँडीला टचअप नसतो. बोट लागलं, माशी बसली, तर सगळं उतरवून पहिल्यापासून. पहिला थर खड्डे, कडा आणि बंपरखालच्या कोपऱ्यांत द्या, मग सपाट भाग. बॉनेट, डिकी वेगळे पार्ट असतील तर ते बॉडीच्या शेजारी त्याच स्टँडवर, त्याच कोनात लावून एकाच वेळी रंगवा, नाहीतर एक पार्ट मरून आणि दुसरा टोमॅटो.

एअरब्रश नसेल तर तामियाचे टीएस कॅन आहेत, टीएस-२१ सोनेरी, टीएस-७४ क्लिअर लाल, टीएस-७२ क्लिअर निळा, वर टीएस-१३ क्लिअर. कॅन मारायच्या आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, फवारा बारीक येतो. उकळत्या पाण्यात किंवा गॅसजवळ ठेवायचं धाडस करू नका, फुटतो. एअरब्रश शिकायचा असेल तर शाहूपुरी कुंभार गल्ली किंवा बापट कॅम्पला मूर्तीवर शेडिंग करणाऱ्या कारागिराच्या शेजारी तासभर उभं राहा, मनगट कसं फिरतं ते व्हिडिओपेक्षा तिथं जास्त कळतं. फक्त गणपतीच्या आधीच्या दोन महिन्यांत जाऊ नका, त्यांना मान वर करायला वेळ नसतो.

मेटलफ्लेक पाहिजे असेल तर हिशोब करा. खऱ्या गाडीवरचा चमकीचा कण आपण जसाच्या तसा आणला, समजा ०.२ मिलिमीटरचा, तर १/२५ मध्ये तो ५ मिलिमीटरच्या टिकलीएवढा दिसणार, गाडी नाही, वरातीचा फेटा वाटेल. म्हणून चमकी नको, रेझिन आर्टवाले वापरतात ती बारीक पर्ल पावडर क्लिअरमध्ये चिमूटभर. लांबून बघितलं की फ्लेकच वाटतो.

वरचा क्लिअर पहिल्यांदा धुक्यासारखा, मग ओला. आठवडाभर सुकू द्या, नखानं दाबून वास घेऊन बघा, थिनरचा वास येत असेल तर अजून नाही. मग २००० नं पाण्यात हलक्या हातानं घासून कंपाउंड. कडांवर घासू नका, तिथं थर पातळ असतो आणि लगेच खालचं सोनेरी उघडं पडतं. गाडीवाल्यांचा टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) क्लिअर जबरदस्त येतो, नाही म्हणत नाही, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला लई वाईट. कापडी मास्क काही कामाचा नाही. एअरब्रशला, कॅनला सुद्धा कार्ट्रिजवाला मास्क आणि उघडी हवा पाहिजे, आणि टू-के तर घरात अजिबात नको, पेंटिंग बूथ असलेल्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडनं मारून घ्या.

बबल. रॉथच्या गाड्यांचा खरा बबल प्लेक्सिग्लास तापवून फुगवलेला असायचा. किटमधला पॉलिस्टायरीनचा असतो, काचेसारखा ठिसूळ. निपरनं तोडला तर तडा आतपर्यंत पळतो, म्हणून सोनाराची आरी, आणि कापताना बबल कापडात धरा. चरे असतील तर १५०० नं, मग २००० नं पाण्यात घासा, तो पूर्ण दुधाळ दिसेल, छातीत धस्स होईल, होऊ द्या. मग कंपाउंड, मग आणखी बारीक पॉलिश, सुती बनियनच्या तुकड्यानं गोल गोल. परत आरपार दिसायला लागतं. दिवसाढवळ्या खिडकीजवळ करा, ट्यूबलाइटखाली चरे लपतात. चिकटवताना फेव्हिक्विक बिलकुल नको, त्याची वाफ काचेवर बसून पांढरा धूर धरते. साधा पांढरा फेव्हिकॉल काडीच्या टोकानं लावा, सुकला की दिसत नाही आणि चुकलं तर पाण्यानं निघतो. बबल बसवायच्या आधी आतली धूळ, केस, बोटाचे ठसे तीन वेळा बघा. आत अडकलेला एक केस आयुष्यभर दिसतो.

क्रोमचे पार्ट किटमध्ये चकचकीत येतात पण त्याच्यावर सिमेंट चालत नाही, जिथं जोड यायचा तिथं कटरनं क्रोम खरवडून प्लास्टिक उघडं करा. साच्याची रेघ फार दिसत असेल तर सगळं क्रोम उतरवा, घरातलं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, त्यात बुडवून ठेवलं की ॲल्युमिनियमचा थर निघून जातो. हातमोजे घाला आणि त्यात टॉयलेट क्लीनर वगैरे ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. परत चकाकी आणायला चकचकीत काळा बेस आणि त्यावर अल्क्लॅड कंपनीचा क्रोम रंग, किंवा मोलोटो कंपनीचा क्रोम मार्कर. मार्कर चांगला, फक्त बोट लावलं की मळतो. खिडकीच्या पट्ट्यांना बेअर मेटल फॉइल, म्हणजे मागं गोंद असलेला पातळ धातूचा पत्रा. उद्यमनगरात प्लेटिंग करून मिळेल का असं हमखास कोणतरी विचारतं. नाही, प्लास्टिकमधनं वीज जात नाही, लोखंडाचं प्लेटिंग तसंच्या तसं इथं होत नाही. चांदीचा वर्ख लावता येतो, दिसतो पण झकास, पण चांदीच ती, क्लिअर नीट मारला नाही तर काळी पडते.

इंजिन, सीटा यावर जास्त बोलत नाही. इंजिनाला प्लगच्या वायरी काळ्या बारीक तारेनं द्या, जुन्या इअरफोनमधली चालते. सीटांना पांढरा सॅटिन, त्या काळी पांढरे रोल केलेले सीट लई चालायचे. बीटनिक बँडिटला स्टिअरिंग नाही, मधल्या एका दांड्यावर गाडी चालायची, तेव्हा स्टिअरिंग हरवलं म्हणून बॉक्स उलटापालटा करू नका.

डिकल कोमट पाण्यात बुडवून, सरकवून, खालचं पाणी ओल्या ब्रशनं बाहेर काढून बसवायचं. गोलाईवर बसत नसेल तर डिकल सॉफ्टनर एक थेंब, सुरकुत्या पडतील, हात लावू नका, सुकताना आपोआप ताणतं.

ठेवायचं असेल तर काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या डब्यात, थेट ऊन नको कारण पारदर्शक लाल उन्हानं फिका पडतो. टायर डब्याच्या तळाला नुसते टेकवू नका, खाली आरशाचा तुकडा ठेवा, चेसिसचं क्रोमपण दिसतं. आणि न बनवलेली किटं कपाटात असतील तर आजच उघडून टायर वेगळ्या पिशवीत भरा.